भानुमतीचा कडा

अपेक्षा: …एकोणचाळीस. फुलपाखराला चव कशानं कळते? पायानं. बरोबर. चाळीस. अजिंठ्याची लेणी इंग्रज साहेबाला कोणत्या साली दिसली? अठराशे एकोणीस. बरोबर. एक्केचाळीस. खाम नदी कोणत्या नदीला मिळते? गोदावरीला. बरोबर.

सर: वा, वा! अगं, मग रडतेस कशाला? भरतीचा पेपर असा सोडवलास, तर नाचत यायचं सोडून दारातून डोळे पुसत आत आलीस. माझ्या क्लासात तुझ्याइतकी तयारी कुणाचीच नव्हती.

अपेक्षा: बेचाळीस वाचते सर. नीट ऐका. आन् मधीच आबांचा फोन आला तर घ्यावा लागंल, सकाळपासून लागंना झालाय त्यांचा.

सर: घे की. वाच.

अपेक्षा: ‘भानुमतीचा कडा कोणत्या तालुक्यात आहे?’ फुलंब्री, कन्नड, सोयगाव, यांपैकी नाही.

सर: काय?

अपेक्षा: भानुमतीचा कडा. मी ‘यांपैकी नाही’ केलं. काल उत्तरतालिका आली, तर त्यात सोयगाव!

सर: पुन्हा वाच.

अपेक्षा: ‘भानुमतीचा कडा कोणत्या…’

सर: पुरे, पुरे.

(मधुसूदन सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. चाळीस वर्षं ह्या माणसानं जगातल्या नद्या, राजे, वायू आणि पाखरं पोरांकडून घोकून घेतली, कुठल्या प्रश्नाला म्हणून कधी दचकला नाही. आज मात्र स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत त्याला दरदरून घाम फुटला होता. कारण बेचाळिसाव्या प्रश्नाचं खरं उत्तर जगात फक्त त्यालाच माहीत होतं, निदान तसं तो समजत होता.)

अपेक्षा: सर, पंखा वाढवू का?

सर: नको. खरोखरच्या पेपरात आलं हे? सराव परीक्षेत नव्हे?

अपेक्षा: खरोखरच्या! हे बघा, मोबाइलवर. माझं तर डोकंच फिरलं सर. माझं गाव सोयगावच्या डोंगराला लागून. माझ्या वडलांनी, कडुबा आबांनी, पन्नास वर्षं तिथं मेंढरं चारली. डोंगरातला धोंडा जागचा हलला तरी त्यांना कळतं. शाळेला सुट्टी असली की मीबी त्यांच्या मागं. प्रत्येक कडा, प्रत्येक खोरं मला नावानिशी ठाऊक. भानुमतीचा कडा तिथं नाय. नाय म्हणजे नाय!

सर: बरोबर आहे तुझं.

अपेक्षा: बरोबर हाय तर मार्क कुठं गेला? आज पाचपर्यंत हरकत घेता येते, पण पुरावा जोडावा लागतो. कालच आमच्या अभ्यासिकेतली सगळी पुस्तकं उघडून बसले. सात पुस्तकं, सर. सातीच्या साती पुस्तकांत कडा हाय! ‘तालुका सोयगाव, उंची आठशे सतरा मीटर.’ तुमच्या पिवळ्या पुस्तकातबी हाय, पान एकशे बारा.

सर: तू माझं पुस्तक वाचलं नव्हतंस का?

अपेक्षा: तीनदा केलं की! पण त्या ओळीवर मी पहिल्याच दिवशी काट मारली होती. म्हणलं छपाईत काहीतरी गडबड झाली. सरांना विचारू म्हणलं, अन् राहूनच गेलं.

सर: काट मारलीस. वीस वर्षांत हजारो पोरांनी ती ओळ घोकली. काट मारणारी तू एकटी.

अपेक्षा: चुकलं का माझं?

काकू: अहो, कोण आलंय? अगं बाई, अपेक्षा! वेळेवर आलीस बघ. हात पुढे कर. हा पेढा. आधी तोंडात टाक, मग बोल.

अपेक्षा: कशाचा काकू?

काकू: आमच्या विश्वजितचा! तुझ्याच पेपरला होता ना तो. काल रात्री तालिका लावून बघितली, एकशे एकसष्ट. आणि निवडीची गाडी एकसष्टलाच थांबणार म्हणतात सगळे. वयाची शेवटची संधी होती गं त्याची. पाच वर्षं झाली, दर वेळी एका-दोन मार्कांनी हुकायचं. आत्ताच जेवून कटिंगला गेलाय पोरगा. तुझे किती?

अपेक्षा: एकशे साठ.

काकू: अरे देवा.

अपेक्षा: म्हणून तर सरांकडं आले काकू. एक प्रश्न खोटा हाय. तो मार्क मिळाला तर माझेबी एकसष्ट.

काकू: मग मिळव की! सर आहेत ना तुझे. अहो, सांगा तिला काय ते. असे थिजल्यासारखे का बसलात? बीपीची गोळी घेतली ना सकाळची?

सर: घेतली.

काकू: कसला प्रश्न आहे गं?

सर: तू जा ना आत, दूध उतू जाईल.

काकू: दूध कधीच उतरवलंय. कसला प्रश्न?

अपेक्षा: डोंगराचा. भानुमतीचा कडा म्हणून.

काकू: कुणाचा?

अपेक्षा: भानुमतीचा.

काकू: अगं बाई! माझ्या नावाचा कडा? कुठं असतो हा?

अपेक्षा: काकू, तुमचं नाव भानुमती?

काकू: तुला तरी कुठून ठाऊक असणार! अख्खा क्लास काकू म्हणतो आणि हे म्हणतात ‘अगं’. खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलंय. पण बाई, मजाच म्हणायची. उंच आहे का चांगला?

अपेक्षा: आठशे सतरा मीटर, म्हणे.

काकू: आठशे सतरा.

सर: अगं, ऐक…

काकू: आठशे सतरा? अहो, आपली गुलमंडीवरची खोली! घर नंबर आठशे सतरा! लग्न होऊन आले ते त्याच खोलीत. माझ्याकडे बघा. खाली काय बघताय? माझ्याकडे बघा म्हणते मी!

सर: बघतोय.

काकू: हा कडा कुठं आहे?

सर: कुठंच नाही. मी केला तो.

अपेक्षा: केला म्हणजे?

सर: मनानं केला. माझं पुस्तक कुणीतरी जसंच्या तसं छापून विकत होतं, अपेक्षा. माझ्या छपाईच्या चुकांसकट! आपला छापखानेवाला राजेंद्र म्हणाला, सर, एक खोटी ओळ पेरा. जो चोरेल त्याच्या पुस्तकात ती उगवेल, मग धरा मानगूट. त्याच संध्याकाळी पान एकशे बारावर दोन बोटं जागा उरली होती. नाव सुचेना. ही चहा घेऊन आली.

काकू: आणि तुम्ही मला डोंगर केलंत.

अपेक्षा: सर! तुमी? तुमी खोटं छापलं? ‘जे पडताळलं नाही ते पाठ करू नका’ म्हणून फळ्यावर लिहिणारे तुमी?

सर: बोल. माझी बोलायची लायकी नाही.

काकू: चोर सापडला का तेव्हा?

सर: सहा महिन्यांत. घरी येऊन माफी मागून गेला.

काकू: मग ओळ काढायची ना! वीस वर्षं काय अंडी उबवत होतात?

सर: दर आवृत्तीला काढणार होतो. पण मग ती दुसऱ्या पुस्तकात दिसली, तिसऱ्यात दिसली. जिकडं बघावं तिकडं तुझं नाव. मला गंमत वाटायला लागली. तुला आयुष्यात मी दिलं काय? दोन खोल्या आणि पोरांच्या चहाच्या कपबशा. म्हटलं, एक डोंगर तरी असू दे हिच्या नावावर. कुणाचं काय बिघडतंय?

अपेक्षा: माझं बिघडलं सर! अन् माझ्या आबांचं काय? काल त्यांना विचारलं, आबा, भानुमतीचा कडा कुठला? म्हणले, असला कडा नाय पोरी. मी म्हणलं, सात पुस्तकांत छापलाय. मग म्हणले, छापलंय म्हणल्यावर असंलच, मीच विसरलो असंन. म्हातारपण झालं, आता डोंगरबी ध्यानात राहीना.

काकू: अरे देवा.

अपेक्षा: आज पहाटं काठी घेऊन डोंगरात गेलेत. आईला म्हणले, कडा हुडकून फोटो काढून आणतो, पोरीला दाखला व्हईल. सदुसष्ट वय. वरती रेंज नाय. बारा फोन केले मी.

सर: काय सांगतेस? ह्या उन्हात?

अपेक्षा: तुमचा कडा हुडकायला, सर!

काकू: अहो, उठा. कागद घ्या. लिहून द्या हिला.

सर: देतो. पण तू एकदा ऐक. विश्वजितनं त्या प्रश्नाला काय केलंय, विचारलंस?

काकू: काय केलंय?

सर: सोयगाव. ‘बाबा, तुमच्या पुस्तकातला एकही प्रश्न चुकला नाही,’ असं काल रात्रीच सांगत होता मला. बापाच्या पुस्तकावर विश्वास ठेवला त्यानं. मी पत्र दिलं की हिचे एकसष्ट होतात आणि त्याचे साठ.

काकू: म्हणजे?

सर: म्हणजे हातातले पेढे खाली ठेव.

काकू: नाही हो. असं कसं? तुम्ही त्याला, पोटच्या पोराला, कधी सांगितलं नाहीत?

सर: कुणालाच नाही.

काकू: त्याचं वय संपलं हो. पुढची भरती नाही त्याला. आत्ता येईल तो भांग पाडून, हसत. मी काय सांगू त्याला?

अपेक्षा: मी जाते, काकू.

काकू: थांब.

अपेक्षा: नको. मला ठाऊक नव्हतं. पुन्यांदा परीक्षा देईन मी. माझं वय हाय अजून. तुमच्या पोराच्या तोंडातला घास…

काकू: बस म्हणते ना खाली! घास कुणाचा आणि कुणाच्या तोंडातला, कळतं मला. आई आहे म्हणून मिनिटभर जीव अडकला, एवढंच. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात तशी गत केली ह्यांनी. आणि तिकडे तुझा बाप माझ्या नावानं रानोमाळ हिंडतोय आणि इकडे मी पेढे वाटू? मला तो पेढा गिळणार आहे का? अहो, लिहा.

सर: तेविसावी आवृत्ती छापखान्यात आहे, भानू. हे पत्र बाहेर गेलं की माझ्या पुस्तकाला कुणी हात लावणार नाही.

काकू: लावू नये. आज किती वर्षांनी नाव घेतलंत माझं? लिहा. भानुमतीचा कडा ह्या नावाचं ठिकाण सोयगाव तालुक्यातच काय, कुठंच नाही. ते मी रचलं. लिहिलं?

सर: लिहिलं.

काकू: वीस वर्षांमागच्या आवृत्त्यांत ती ओळ नाही, हेही लिहा. माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत सगळ्या. अपेक्षा, तू उंच आहेस, काढ त्या. फोटो जोड.

अपेक्षा: काकू, तुमचा विश्वजित…

काकू: त्याला मी सांगते. रागावेल, ओरडेल, चार दिवस जेवणार नाही. त्याचं दुःख ह्यांनी केलंय, ते आम्ही दोघं निस्तरू. लिहून झालं?

सर: झालं. सही केली. साक्षीदाराची सही लागेल.

काकू: आणा इकडे पेन. नाव लिहिते, भानुमती. पुढे काय लिहू?

सर: वय. पत्ता.

काकू: वय एकसष्ट. पत्ता सिडको. आणि उंची लिहिते, चार फूट अकरा इंच. हसू नका. पुन्हा कुणी आठशे सतरा मीटर म्हणायला नको.

सर: हसत नाहीये गं मी.

काकू: दिसतंय मला. पुसा डोळे. चार वाजत आले, हे पोचवा आधी कुठं पोचवायचं ते.

अपेक्षा: इथूनच जातं काकू, मोबाइलवरून. फोटो काढते. थांबा, फोन वाजतोय. आबा! आबा, कुठं हाय तुमी? आवाज तुटतोय. काय? दोन डोंगर झाले? आता तिसऱ्यावर? आबा, ऐका, माघारी फिरा. नाय हो, तसं नाय. आबा, रडू नका ना!

काकू: काय म्हणतात?

अपेक्षा: म्हणतात, सापडंना. माझी नजर गेली, पोरी, म्हणतात. तुझा बाप आंधळा झाला.

काकू: दे इकडे तो फोन. हॅलो, कडुबा भाऊ? नमस्कार. मी भानुमती बोलतेय. हो, तीच. डोंगरात नाही हो मी, संभाजीनगरला आहे, माझ्या घरात. आता बसा कुठंतरी सावलीला, पाणी प्या आणि सावकाश खाली उतरा. नाही भाऊ. तुम्ही काहीच विसरला नाहीत.