पाहुण्याचा प्याला

नाव सरोजिनी असानोवा, वय ५९, व्यवसाय रुग्णालयातील सर्व्हर-व्यवस्थापक, जन्म अहमदनगर, राहणार कोकजार, इसिक-कुल सरोवराकाठी.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, लग्नानंतर मी याच गावात राहते. जान्यल तोक्तोबेकोवा माझ्या हाताखाली काम करते. मला एजे, म्हणजे थोरली ताई म्हणते. रुग्णालयाचे उपप्रमुख एर्किन सादिरोविच यांना धमकावून तिने त्यांची बैठक तोडली, ही तक्रार चुकीची आहे.

आमच्याकडे एक्स-रेची चित्रे साठवणारा सर्व्हर राजधानीहून आला, म्हणून त्याला आम्ही 'पाहुणा' म्हणतो. उपप्रमुखसाहेबही राजधानीहूनच आले; पण नाव त्यांच्या आधीचे आहे.

गेल्या आठवड्यात चित्रे अर्धवट येऊ लागली. एका गुराख्याच्या चित्रात गुडघ्याखाली नुसता काळोख होता. डॉक्टरांनी विचारले, "एजे, याचा पाय तुम्ही खाल्लात का?"

तारा ठीक होत्या. दोष नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये होता. येणारी माहिती क्षणभर धरून ठेवण्याची जागा फारच लहान ठेवलेली होती. तिला रिसीव्ह बफर म्हणतात. आम्ही प्याला म्हणतो, कारण लहान असला की सांडतो. ही एकच सेटिंग काठोकाठ, म्हणजे सर्वांत मोठी कर, असे मी जान्यलला सांगितले. आमच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टा शिवणाच्या तासाला म्हणत, एका वेळी एकच गाठ सोडवा. मी अजून तसेच करते.

जान्यलने विभागाच्या ग्रुपवर कळवले, "पाहुण्याचा प्याला काठोकाठ केला, एजे. आता उठवते."

ड्रायव्हरची सेटिंग बदलली की कार्ड बंद होऊन परत सुरू होते. त्यालाच आम्ही उठवणे म्हणतो. तेवढा वेळ जोडणी तुटते. साहेबांची बैठक जेवणानंतर ठरली होती. ती आधीच सुरू झाल्याचे आम्हाला कोणी सांगितले नाही. राजधानीतल्या वरिष्ठांना ते याच सर्व्हरवरची चित्रे दाखवत होते.

साहेब फोनवर जान्यलचा तो निरोप उघडून आमच्या खोलीत आले. "काठोकाठ प्याला कोणाच्या पुढ्यात ठेवतात, मला शिकवू नका," ते म्हणाले. "माझ्या सासूबाईंनी एकदा माझ्यापुढे ठेवला होता." जान्यलला हसू आले. तेही तक्रारीत लिहिले आहे.

इकडे पाहुण्याला चहा निम्माच ओततात, म्हणजे तो बसतो, पुन्हा मागतो. भरलेला प्याला म्हणजे आता निघा. हे खरे आहे. पण जान्यलचा पाहुणा लोखंडी होता.

गुराख्याचा पाय आता पुरता दिसतो. हाड घोट्याच्या वर मोडले होते, प्लास्टर घातले. कोणीही जाणकार आणून कार्ड तपासावे. मी इथेच आहे. जान्यलची नोकरी जाईल असे साहेब म्हणतात, आणि ती दुपारपासून तुमच्या आतल्या खोलीत बसून आहे.

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मला आत्ताच चहा दिला. प्याला निम्मा आहे. तेव्हा जान्यलला बाहेर आणेपर्यंत मी बसते.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तेच उतरले आहे. 'लोखंडी' हा शब्द खोडू नये असे मी सांगितल्यावरून तो तसाच ठेवला आहे.

सही: स. असानोवा