नर्सताईंचा चहा

आमच्या दादांना शुगर आहे. दर सोमवारी पुण्याहून एक नर्सताई व्हिडिओ कॉल करून त्यांची हजेरी घेतात. परवा मी पिंपळवंडीला घरीच होतो, त्यामुळे फोन धरायचं काम माझ्याकडं.

ताई म्हणाल्या, "काका, शुगर उतरत नाही. इंजेक्शन वाढवावं लागेल. चहात साखर नाही ना?"

"ताई, साखरंचं तोंड बघून वरीस झालं."

तेवढ्यात आई कप घेऊन आली. एवढं बोलणाऱ्या बाईला कुणी चहा विचारला नाही, याचाच तिला राग. कप तिनं थेट फोनपुढं धरला. "घ्या ताई."

ताई हसल्या. "काकू, मी बिनसाखरेचा पिते."

दादा मला फोन बंद करायला खुणावत होते.

"मग थांबा, येगळा टाकते," आई म्हणाली. "आमच्यात बिनसाखरेचा कुनीच पीत न्हाई."