आधी ‘नाही’

“हॅलो?... हॅलो, कोण?... बारके, तू होय! अगं, सकाळपासून लावतेय मी, तुझा फोन लागेल तर शपथ... काय?... मोठ्याने बोल, नुसता वाराच ऐकू येतोय.”

मावशीने पायानेच खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसली. टेबलावर नकाशा पसरलेला होता, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार कप. समुद्राच्या निळ्या भागात पेन्सिलीच्या फुल्या. चौतीस वर्षं तिने हवामान खात्याच्या ऑफिसात वादळांच्या सूचना टाइप केल्या होत्या. नोकरी संपली, पण वादळ आलं की हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा.

“टीव्हीवर काय म्हणाले?... हं... हं... ‘वळणार’ म्हणाले की ‘वळलं’ म्हणाले?... अगं, फरक कसा नाही? मी दर सुट्टीत तुझ्याकडे येणार म्हणते, आले का कधी?... हसू नकोस. ऐक. सकाळी सहाला वादळ तुमच्या दीपगृहापासून दोनशे तीस किलोमीटरवर होतं. नऊला एकशे पंच्याण्णव, आणि जरासं उत्तरेला कललेलं. तेवढ्यावर टीव्हीवाल्यांनी ढोल बडवले... हो, कललंय, मी कुठे नाही म्हणते? पण जोर बघितलास का? सहाला वारा ताशी एकशे दहा, नऊला एकशे तीस. जाणारा पाहुणा असा दर तीन तासांनी अंगात बळ भरून घेतो होय?”

“बाराची सूचना साडेबाराला रेडिओवर वाचतील. आता किती झाले?... बारा दहा. बरोबर, माझ्याकडेही तेवढेच. पण तू थांबलीयस कशाला? बॅग भर, सासऱ्यांना घे आणि शाळेत जाऊन बस. टेकडीवरची इमारत आहे, पक्की आहे... मग? शेवटची बस कितीला?... एकला? आणि पूल?... दोनला बंद. मग उठा की... कोण उठत नाही?... अगंबाई! खाटेवर बसलेत?... आणि आमचे वायरमन जावई कुठे आहेत?... बरोबर, आज त्यांना कोण सोडतंय. दे, तुझ्या सासऱ्यांकडे दे फोन. दे तर खरी.”

मावशीने पदर सारखा केला, जणू व्याही समोरच येऊन बसले होते.

“नमस्कार, नमस्कार... मी बरी आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो?... हो, हो... हो ना, पन्नास वर्षं समुद्र बघताय तुम्ही, मी काय सांगणार... अहो, ऐका तरी. लहानपणी भोवरा सोडलाय ना? तो काय एका जागी फिरतो? फिरता फिरता सरकतो. इकडे चाललाय म्हणून आपण निवांत उभे राहतो, तेवढ्यात गिरकी घेऊन आपल्याच पायावर येतो. आणि आत्ता हा भोवरा नुसता कललाय... काय?... होडी अर्धी राहिलीय. कळलं. कोण आपली फळी उचलून नेणार आहे?... वारा नेईल. बरं, वाऱ्याने नेली तर परत बांधायला सुतार नको का? होडी तुम्ही बांधाल, तुम्हाला कोण बांधणार?... हसलात ना? मग उठा.”

“काय म्हणालात?... माझ्या शब्दावर?”

मावशीच्या हातातली पेन्सिल थांबली.

“म्हणजे मी सांगितलं, की ते... तर लगेच उठाल? टीव्ही सोडून माझं ऐकाल?... नाही, मला काही झालं नाही. आवाज असाच आहे माझा... बरं. साडेबाराला मी सांगते. द्या, बारकीला द्या.”

“हं, बोल... बोल ना, गप्प का?... विचार. विचारायचं ते विचार गं, मी काय तुला खाणार आहे?”

बारकी विचारत होती तेवढा वेळ मावशीने डोळे मिटून घेतले. फोन तोच होता, तोच काळा, गुंडाळलेल्या वायरचा. सतरा वर्षांत तिने तो बदलला नव्हता.

“हो. त्या दिवशीही मीच फोन केला होता... हो, तुझ्या आईला मीच सांगितलं. तुला शेजारच्यांच्या गाडीतून पुढे शाळेत पाठवलं होतं आणि ती घर आवरून निघणार होती... माहीत आहे मला. कुंपणावरून पलीकडच्या शेजारणीला ओरडली, ‘वळलं म्हणते बहीण!’ आणि भरलेली बॅग परत रिकामी केली. पाणी ओसरल्यावर कपाटाच्या वरच्या कप्प्यात साड्यांच्या घड्या तशाच होत्या... अगं, मीच काढल्या ना त्या. मला सांगतेस?”

“नाही, ऐक. अंदाज चुकला, असं सगळे म्हणतात. मीही म्हणू दिलं. पण अंदाज चुकला नव्हता. मी तिला म्हटलं होतं, ‘ताई, वळलं नाही.’... हो... हो, असंच. ‘वळलं नाही.’ आणि ‘वळलं’ एवढं ऐकताच तिने ‘हुश्श’ केलं. एवढं मोठं ‘हुश्श’, बारके, की माझं ‘नाही’ त्याच्याखाली गेलं. आणि तेवढ्यात फोन मेला.”

“कुणालाच नाही सांगितलं... कसं सांगणार? स्वतःला सोडवून घेतेय असंच वाटलं असतं. आणि खरं सांगू? आता मलाही खात्री नाही. ‘नाही’ मी म्हटलं की फोन गेल्यावर म्हटलं. माझ्या कानात आहे ते. पण माझ्याच कानात आहे ना... रडू नकोस. रडू नकोस गं. मला तेवढंही जमत नाही आता.”

“ऑफिसात कडक नियम होता आमचा. सूचनेत ‘नाही’ आलं की ते दोनदा टाइप करायचं. ‘नाही, पुन्हा सांगतो, नाही.’ वाटेत एक शब्द गळला की होडीवाला सरळ समुद्रात जातो म्हणून. चौतीस वर्षांत एकदाही चुकले नाही मी. पण सख्ख्या बहिणीशी कुणी असं तारेसारखं बोलतं का? आपली भाषाही अशी, की सगळं सांगून झाल्यावर शेवटी ‘नाही’ चिकटवायचं.”

“म्हणून आता नीट ऐक. आज मी ‘नाही’ आधी म्हणणार. आधी ‘नाही’, मग बाकीचं. फोन कापला गेला आणि तुला नुसतं ‘नाही’ ऐकू आलं, तर पुढचं ऐकायला थांबायचं नाही. परत फोन लावत बसायचं नाही. सासऱ्यांचा हात धरायचा आणि बस गाठायची. आणि वळलंच असेल, तर ‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडातून निघणारच नाही. काय करायचं? म्हणून दाखव... परत... हं. शहाणी आहेस. आता सासऱ्यांनाही म्हणून दाखवायला लाव... काय म्हणतात?... ‘मास्तरीण’ म्हणू दे. आणि गोळ्यांची डबी वर ठेव, तळाशी नको.”

“थांब, लागलं... श्श.”

मावशीने रेडिओ कानाजवळ ओढला. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला तो सपाट, घाई नसलेला आवाज. तिने आकडे लिहून घेतले, पट्टी ठेवली आणि फुली मारली. मग तसंच परत मोजलं, कारण पहिल्यांदा मोजलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही हेही ऑफिसातलंच. दीपगृहापासून एकशे चाळीस. वारा एकशे पंचेचाळीस. आणि कललेली रेघ परत खाली आली होती, सरळ बारकीच्या गावावर.

“बारके?... आहेस?... तो कसला आवाज, पत्रा वाजतोय का?... ऐकतेस ना? नाही...”

फोन मेला.

त्या मेलेल्या फोनमध्ये मावशीने राहिलेलं वाक्य सावकाश पूर्ण केलं. “वळलं. नाही, पुन्हा सांगते, नाही.”

बारा पस्तीस. बस एकला.

तिने रिसीव्हर नीट जागेवर ठेवला, हात मात्र त्याच्यावरून काढला नाही. कानात तिने मागचे दोन क्षण परत परत वाजवून पाहिले, सतरा वर्षं वाजवत आली होती तसेच. पत्रा वाजला होता. वारा होता. आपला स्वतःचा शब्द होता, पहिला, स्वच्छ. आणि त्याच्यानंतर, फोन मरायच्या आत, पलीकडून कुणी ‘हुश्श’ केलं नव्हतं.