बोलणार न्हाई म्हणलतो

तीन लिटरचाच कुकर घ्या, मोहनराव — पाच लिटरचा घेऊन तुमची वैष्णवी होस्टेलात पंगत घालणार हाय का? — आन् लाईट आली की झाकणावर नाव टाकून देतो, बसा तवर. नाव पायजेच. लातूर काय परका मुलूख न्हाई, मान्य हाय, पण होस्टेल ते होस्टेल. आमची कावेरी फिनलंडला गेली तवा तिच्या कुकरवर मी नाव टाकलं, मु. पो. नांदूरघाट टाकलं, तालुका केज, जिल्हा बीड टाकलं, आन् जागा उरली म्हणून खाली ‘जपून ऱ्हा’ टाकलं. विमानतळावर त्या तपासणीवाल्यानं इचारलं म्हणं, हे काय लिवलंय? तर ती म्हणली, वडलांचं पत्र हाय. — कुकरवर कावून? — कावून म्हंजे, मी बोलत नव्हतो तिच्याशी. अजून बी न्हाई बोलत. ते जाऊ द्या.

न्हाई, तसं भांडण काई न्हाई. कॉलेजानं धाडलं तिला, अदलाबदलीत — हितली पोरं चार महिने तिथं, तिथली हितं. मी सरळ इचारलं, मंग तिथली कोण यायलीय आपल्या घरी? कोणीच न्हाई, म्हणली. मंग ही अदलाबदल कशी? आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाकडून जुन्या भांड्याची मोड घेतली की त्याला नवं भांडं द्यावं लागतं, मोड घेऊन रिकाम्या हातानं धाडलं तर लोक दुकानात उभं ऱ्हातील का? — ती हसली. हसली म्हणून डोकं फिरलं माझं. श्रावणातला सोमवार, आमी सगळे कपिलधारला दर्शनाला गेलतो, साडू, मेव्हणे, सगळ्यांसमोर म्हणलो, तू गेलीस तर मी तुझ्याशी एक शबूद बोलणार न्हाई. मला वाटलं, रडंल, ऱ्हाईल. ती खाली वाकून पाया पडली आन् आठ दिवसांत गेली. आता पाव्हण्यांसमोर बोललेलं कसं माघारी घ्यायचं, तुमीच सांगा?

पण खुशाली कळती मला सगळी. रोज साडेचारला फोन येतो, तिथं दुपारचा एक असतो. कावेरीची आई हितं स्टुलावर बसती, दुकानात रेंज चांगली येती म्हणून — आन् मी त्या मांडणीच्या मागं पातेली पुसत असतो. कान उघडेच असतेत माणसाचे, त्याला काय करणार? आन् मधी मधी मी घागर घेऊन मागनं जातो. फोनमधी दिसंल असं. कामच असतं. धुतलेला सदरा घालतो, घागर उचलतो, हितनं तिथं जातो, तिथनं हितं येतो, म्हंजे पोरीला दिसावं की बाप धडधाकट हाय. महिनाभर चाललं. मंग एक दिवस ती आईला इचारती, ‘आई, आप्पा रोज तीच घागर कुठं नेतेत गं?’ आमची मंडळी म्हणली, ‘कुठं नेतेत, शेवटच्या फळीपर्यंत नेतेत आन् परत आणतेत.’ — फजितीच की! दुसऱ्या दिवसापासून मी भांडं बदललं. कधी बंब, कधी परात.

आता तिथली गंमत ऐका. तिथं लोक बोलतच न्हाईत. बिलकूल न्हाई. एका मजल्यावर आकरा खोल्या, एकच स्वयंपाकघर, आन् बाहेर कोणी हाय का ह्याचा कानोसा घेऊन माणसं खोलीतनं निगतेत. पंधरा दिवस हिला शेजारणीचं तोंड दिसलं न्हाई. आयनो नाव पोरीचं. एकदा घावली दारात, तर आमची तिला म्हणली, जेवलीस का? — आता हे काय इचारणं हाय का बोला, आपण भेटल्यावर म्हणतोच की. रोज इचारायला लागली. ती आयनो घाबरली, गेली होस्टेलच्या हापिसात, म्हणली, ही हिंदुस्थानची मुलगी माझ्या जेवणाची रोज चौकशी करती, हिला सोताला खायला मिळत नसंल. हापिसानं कावेरीला बोलावलं, पाणी दिलं, खुर्ची दिली, आन् लई मायेनं इचारलं, तुला उपाशी ऱ्हावं लागतंय का? ही न्हाई न्हाई म्हणायली तसा त्यांचा संशय वाढायला. शेवटी पोतंभर बटाटे दिले. सही घेऊन दिले! पोतं पाठीवर घेऊन पोरगी बर्फातनं आली. पंधरा दिवस बटाटे खाल्ले तिनं, आन् मी हितं मांडणीमागं जीव मुठीत धरून, की बाई, वाटून टाक की निम्मे, सुचत कसं न्हाई तुला — पण बोलणार कसा?

मंग त्या आयनोनं तोड काढली. दारावर चिठ्ठी लावायला लागली. ‘हो, जेवले. धन्यवाद.’ रोज नवी चिठ्ठी. पुढं पुढं काय जेवली ते बी लिवायली. आन् एका सोमवारी चिठ्ठी न्हाई. मंगळवारी न्हाई. कावेरीनं दार वाजवलं, हाक मारली, आवाज न्हाई. हिनं काय करावं? कुकर घेतला आन् लाटण्यानं दारासमोर बडवायला लागली! तवा कुठं सगळी दारं उघडली, सगळी माणसं एकदम बाहेर — त्यांनी बी एकमेकांना पहिल्यांदाच बगितलं म्हणं. आयनोनं दार उघडलं तर अंगात सणसणून ताप, दोन दिवसांत पोटात पाणी न्हाई. त्या लोकांनी डाक्टर बोलावला, हिनं मुगाची खिचडी टाकली. तर ते सगळे ताटल्या घेऊन रांगेत उभे! कुकर तीनच लिटरचा, तीनदा लावला. तवापासून दर मंगळवारी सगळे एकत्र जेवतेत. लई बोलत न्हाईत, पण बसतेत.

मी? मी त्या दिवशी परात पाडली हातातनं. डोळ्यात काईतरी गेलतं, भांड्याची पावडर असती.

आता कालची गोष्ट. तिला म्हणलेत, अजून सहा महिने ऱ्हा. उद्यापर्यंत कळीव म्हणलेत, म्हंजे आजच. तिनं आईला सांगितलं, ‘आप्पा एक शबूद बोलले तरच ऱ्हाते. नसता डिसेंबरात घरी येते.’ आमची मंडळी आज सकाळीच माहेरी गेली आन् फोन हितं गल्ल्यावर ठेवून गेली. इसरणारी बाई न्हाई ती. जाताना म्हणली, ‘उचला न्हाईतर नका उचलू, तुमची पोरगी हाय.’

तर आता काय, उचलायचा न्हाई. झालं. काई सुदिक करायचं न्हाई, बसून ऱ्हायचं, आन् पोरगी डिसेंबरात घरी. मला तेच पायजे ना? तेच पायजे. घर खायला उठतंय, मोहनराव, दोन माणसांचा स्वयंपाक हुतो आन् तो बी उरतो. ती येईल, हितं बसंल, दुकान बगंल. — आन् मंगळवारी तिथं काय हुईल? — काय हुणार, आपापल्या खोलीत जातील, दारं लावतील. आपल्याला काय करायचंय. आपली पोरगी हाय, आपल्या घरी —

वाजला.

हात लावू नका! सरका मागं. — अहो मोहनराव, उठा आता. कुकर उद्या न्या, नाव टाकून ठेवतो, वैष्णवीचं नाव टाकतो, हवं तर सगळा पत्ता टाकतो, पण जावा. जावा म्हणतो ना! माणसानं बोलायचं कसं कोणी बसल्यावर? शटर ओढून घ्या जाताना. निम्मं नको, पुरं ओढा.

हां... हां कावेरी. आई न्हाई. मी हाय.