फाटका आवाज

सांगायलाच लावतोस का बे आता? एकदा म्हनलं न्हवं — तुझा प्लेअर दुरुस्त झाला, सुई नवी घातली, आतला पट्टा बदलला, उचल आन् जा — झालं की तेवढं! ह्या रिकार्डी मी पुढं लावनार न्हाय म्हनलं तर का म्हनून विचारतोस. का म्हंजे का? न्हाय आवडत. मानसाला दोडका आवडत न्हाय, त्याला कुनी उभं करून कारन विचारतं का? — बरं, बस मग. तिकडं नको, ह्या अंगाला बस, स्टूल ओढ की. तिकडून तू काय पुटपुटतोस ते मिलच्या भोंग्यात कळत न्हाय. — भोंगा कवाच थांबला? थांबला तर थांबला. बस.

तू हसलास म्हनून सांगतोय, न्हायतर मेलो तरी सांगितलं नसतं. पहिली रिकार्ड लावली, मी झटक्यानं सुई उचलली, म्हनलं ह्या डब्याचा, म्हंजे स्पीकरचा, आतला कागद फाटलाय — कालच मी तपासलेला, माझी मलाच लाज वाटली — उघडून बघितला तर कागद कोरा करकरीत. आन् तू फिदीफिदी हसलास. 'काका, त्यो आवाज तसाच असतोय.' आन् हसता हसता समोर रंभाबाईच्या च्याच्या टपरीकडं बघितलंस. बघितलंस की! डोळे हायत मला. काय सांगितलं तिनं? गुरप्पा बहिरा झालाय, त्याच्याकडं कशाला टाकतोस, असंच की न्हाय? तिचं तरी काय चुकलं, आमची सगळी बाळीवेस पेठ तेच म्हनती. लग्नं गेली, जयंत्या गेल्या, गड्ड्याच्या जत्रेतली कामं गेली — बहिऱ्याला आवाजाचं काम कोन देतंय? आता येतेत त्या तुझ्यासारख्याच्या चिल्लर दुरुस्त्या. म्हनून ऐक. ऐकलंस की जाताना टपरीवर थांब आन् खरं काय ते तूच तिला सांग. मी सांगून कुनाला पटत न्हाय.

तर आधी ह्या तुझ्या रिकार्डी. भाऊ तुझा बोटीवर, त्यानं कुटनं कुटनं जपून आनल्या, त्याच्यावर माझा राग न्हाय. ह्यांचं जगात नाव हाय म्हनतोस — असंल. मानसं चक्कर येऊन पडतेत म्हनतोस — पडत असतील, मलाबी येत हुती. ही पहिली, काळ्या कपड्यातल्या चौघांची. ही काय गिटार हाय? डांबराचं रिकामं पिंप घ्या, त्यात खडी भरा आन् रस्त्यानं गडगडवत न्या. दुसरा ह्यो झिपऱ्या, ह्याची तार बोलतच न्हाय, नुसती गुनगुनती, पितळी तांब्यात गांधीलमाशी घालून वर हात ठेवावा तशी. तिसरा त्यो वांव-वांववाला — वासराच्या तोंडात बोळा कोंबलाय आन् ते आईला हाक मारायलंय, असं वाटतंय. हसू नको. आन् ऐक, हात हायत त्यांना! मी आंधळेपनानं बोलनारा मानूस न्हाय. बोटं काय पळतेत त्या तिसऱ्याची — मधी एका जागी त्यानं ते वांव-वांव सोडलं, नुसती तार छेडली, उघडी, घासून ठेवलेल्या ताटासारखी — तेवढं मी ऐकलं, मान हलवली, तू बघितलंस. पन लगेच फिरून बोळा! आता मला सांग, देवानं असली बोटं दिली, तर त्याच्यावर गोनपाट का घालायचं? वाईट वाजवनाऱ्याचा राग येत न्हाय मला. चांगलं येत असून जो मुद्दाम फाटकं वाजवतो ना, त्यो माझ्या डोळ्यादेखत दगा देतो. तार पितळेची हाय का पोलादाची, हे ऐकनाऱ्याला कळलं पायजे. न्हाय कळलं तर तार कशाला, पत्रा बडीव की!

मी काय शिकलेला न्हाय. दुसरीत मास्तरनं पट्टी मारली, मी पाटी तिथंच टाकून आलो ते आलोच. पन आवाज मला कळतो. आयुष्यभर दुसरं केलं काय? कर्णे झाडाला बांधायचे, मशीन लावायचं, डबे मांडायचे, आन् आवाज फाटू द्यायचा न्हाय. कीर्तनकार असू दे, पुढारी असू दे, फाटू द्यायचा न्हाय. डब्याचा कागद कुटं उसवला तर पतंगाचा पातळ कागद आन् मागावर सुताला लावायची खळ आनून मी असा चिकटवायचो की बोट फिरवून जोड सापडायचा न्हाय. लोक म्हनायचे, गुरप्पाचा कर्णा म्हंजे मानूस कानाशी बसून बोलायलाय. पार अक्कलकोट-दुधनीपतोर बोलावनं यायचं. फाटका आवाज म्हंजे माझा जल्माचा वैरी, समजलास?

आन् ह्या सगळ्यात माझ्या जोडीला एक मानूस हुता, धोंडीराम, मोहोळचा. भागीदार म्हन, भाऊ म्हन. त्यो झाडावर चढायचा, मी मशीनपाशी बसायचो. कार्यक्रम सुरू झाला की त्यो मांडवाच्या पार शेवटाला जाऊन उभा. तिथनं हात वर केला की मी आवाज चढवायचा, खाली केला की उतरवायचा, कान धरला की समजायचं कुटंतरी फाटायलंय. — का म्हंजे? मी हितं बसलेला, मला लांबचं कसं कळनार? सगळेच असं करतेत. — मोहरमात कर्णे लावतो त्यो युसूफ न्हाय करत? त्याला काय कळतंय! डावा कान चांगला असंल त्याचा, म्हनून — काय म्हनलो? काय न्हाय म्हनलो. … बरं, म्हनलो. गेलाय डावा. दुष्काळाच्या वर्षी गेला, सर्दी झाली आन् गेला. उजवा हाय की! एका डोळ्याचा मानूस आंधळा असतो का? धोंडीरामाशिवाय कुनाला म्हाईत न्हवतं. बायकोला सुदिक न्हाय. त्यो म्हनला, 'अण्णा, तुमी बसून राहा, लांबचा कान मी हाय तुमचा.' असं म्हनला हुता.

आता सोमलिंग. आमच्या गल्लीतल्या नागव्वाचा थोरला. लग्नात बुलबुलतरंग वाजवायचा, मग गिटार घेतली, करंट लावायची. तिला लागतो डबा — त्याच्याकडं कुटला! मी म्हनलं, माझा घे. मुंबईहून आनलेला, सागवानी खोक्यात मी बसवलेला, माझ्या घरात त्याच्यावर कुनी गिलास ठेवला तरी मी वरडायचो — त्यो दिला त्याला. त्यातनं त्याची तार अशी निघायची की बाया जातं थांबवायच्या. मग त्यो मुंबईला आर्केस्ट्रात गेला. आला त्यो केस वाढवून आन् असल्याच रिकार्डी बगलेत मारून. 'अण्णा, मला ह्यो आवाज पायजे. मुंबईत पोरं डब्याच्या कागदाला ब्लेड मारतेत, मग असा येतो.' मी म्हनलं, ब्लेड? माझ्या डब्याला? मी जित्ता असूस्तोर न्हाय. त्यानं रिकार्डी परत बगलेत मारल्या. धोंडीराम मात्र म्हनला, 'अण्णा, आता पोरांना फाटकंच लागतंय. कामं जातील आपली.' मी म्हनलं, जाऊ दे. झालं. विषय मिटला, असं मला वाटलं.

आणीबाणी उठल्यावरचा पहिला गनपती. आमच्याच पेठेत मांडव, सोमलिंगाचा कार्यक्रम, मुंबईचा कलाकार म्हनून पाट्या लागलेल्या. सकाळी मी सगळं तपासायला बसलो. डब्यावर रिकार्ड लावली — आपली, साधी, सनईची — आन् उजवा कान खोक्याला लावला. आन् मला कळलं! अगदी बारीक, खर्र खर्र, सनईच्या कडंला. धोंडीराम शेजारी उभा, त्यानं कान धरला न्हाय, इशारा केला न्हाय, माझं मीच वळखलं! काय सांगू तुला, फाटलं त्याचं वाईट वाटायचं तर मला मेल्याला आनंदच झाला. म्हनलं, बघ धोंडीराम, अजून कळतंय मला! त्यो म्हनला, 'व्हय की, अण्णा.' खोकं उघडलं, कागदाला सरळ चिरा. मी म्हनलं, उंदरानं केलं असंल. त्यो म्हनला, 'उंदीरच.' मी म्हनलं, पतंगाचा कागद काप. त्यानं कापला. पट्टी पट्टी करून माझ्या हातात दिली. समोरच्या मागवाल्याकडनं खळ आनली, वाटी धरून बसला, मी चिकटवलं, त्यानं वर फुंकर मारली, वाळायला. फुंकर मारली बे त्यानं!

सांजच्याला पेठ भरली. सोमलिंगानं तार छेडली — आली, सोन्यासारखी, अख्खी. त्यो थांबला. डब्याकडं बघितलं. परत छेडली. पाय आपटला. पोरं शिट्ट्या मारायला लागली, त्यांना मुंबई पायजे हुती. आन् त्यो माईकपाशी गेला आन् म्हनला — माझा माईक, माझे कर्णे — 'माफ करा मंडळी, आमचे गुरप्पाण्णा बहिरे झालेत. त्यांना आता फाटकं कळत न्हाय आन् चांगलंबी कळत न्हाय.' सगळी पेठ हसली. बायका हसल्या, मागावरची मानसं खिडकीतनं हसली. मशीनचं बटन माझ्या बोटाखाली हुतं, बंद केलं असतं तर पुढचं अर्धं तोंडातच राहिलं असतं त्याच्या. न्हाय केलं. का न्हाय केलं इचार. आवाज इतका स्वच्छ येत हुता, की हात होईना. चारी कर्ण्यांतनं एक अक्षर फाटलं न्हाय.

तू म्हनतोस सोमलिंग हलकट. थांब. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यो दारात आला, मागं नागव्वा — 'तप्पायतु, अण्णा, तप्पायतु', चुकलं चुकलं म्हनत तोंडाला पदर लावून रडायली — आन् त्यानं माझे पाय धरले. म्हनला, 'मला वाटलं तुमी मुद्दाम चिकटवलं, माझी जिरवायला. तुमी ब्लेडला व्हय म्हनलाय, असं मामा म्हनले हुते.' मी म्हनलं, कोन मामा? 'धोंडीराममामा. मला कुटं मारता येतंय ब्लेड, सगळा कागदच गेला असता. त्यांनीच मारलं, तेवढंच, बेतानं.' खरंच की, बेतानंच हुता चिरा — मीच शिकवलेला हात त्यो. मी म्हनलं, आन् बहिरा म्हनून कुनी सांगितलं रे तुला? पोरगं खाली बघून म्हनलं, 'तेबी मामाच. तुमी व्हय म्हनलाय तरी ऐकून चिडाल म्हनून मी भीत हुतो, तर म्हनले, भिऊ नको, डाव्या कानानं ऐकू येत न्हाय त्यांना, त्यांना कळायचं न्हाय.'

कळायचं न्हाय. आन् मला कळलं! मला कळल्यावर तरी बोलायचं की न्हाय? अण्णा, मी चिरलंय, चार शिव्या घाला — संपलं असतं की रे! मी एक थोबाडीत दिली असती, मग दोघांनी च्या पिला असता. तर बसून पट्ट्या कापायला लागला. उंदीर म्हनला.

आता नव्या पेठेत दुकान हाय त्याचं. जोरात चाललंय. पोरांना फाटका पायजे तर फाटका, नीट पायजे तर नीट, दोन्ही ठेवतो. मिरवनूक हिकडनं गेली की मी ऐकतो त्याचे कर्णे. डावीकडचा एक जरा घोगरा लागतो, वायसर ढिलं झालंय, झाडावर चढायचं वय न्हाय राहिलं त्याचं, दुसरं कोन चढतंय त्यांना काय कळतंय — जाऊ दे, मला काय करायचंय!

लाज वाटत असंल म्हनतोस? मग लाज घेऊन यायचं की. सोमलिंग आला, पाय धरून गेला, त्याचा राग कवाच गेला माझा. नागव्वा आली, जिचा काडीचा दोष न्हाय. मंडळाची पोरं नारळ ठेवून गेली. हसलेली मानसं सुदिक एक एक करून येऊन गेली, दाराशी उभी राहून, अण्णा मनावर घेऊ नका म्हनून. ऊठ आता. प्लेअर धर खालनं, झाकनाला धरू नको. रिकार्डी उन्हात नेऊ नको, वाकड्या होतील — आवडत न्हायत म्हनून काय झालं, तबकडी ती तबकडी. — काय? निरोप? खबरदार! तू सांगितलंस म्हनून आला तर ते मला नको. आपल्या पायानं यायचं, माझ्या तोंडाकडं बघून, आपल्या तोंडानं म्हनायचं. तुझं काय काम न्हाय त्यात. जा म्हनलं ना! मी दार लावतोय. ज्यानं म्हनायचं त्यानंच म्हनायचं — धोंडीरामानं.