तेराशे पानं, पण सापडतंय का?

...आणि वर मलाच विचारतात, "बाबा, तुमचं मत काय?" अहो, माझं मत! आठ महिने झाले, माझं मत एकच, पहिल्या दिवशी होतं तेच... सापडतंय का? बस. संपलं मत. पण नाही! तुम्हाला सांगतो, शिकलेल्या माणसाला साधा प्रश्न विचारला ना, की त्याला वाटतं आपला अपमान झाला.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा आला तो चिडूनच आला. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा. बेचाळीस वर्षं. शाळा चौथीपर्यंत, पुढे शाळेनं मला बोलावलं नाही आणि मीही आग्रह केला नाही. कुठलंही मशीन आणा, नुसतं चार टाके चालवून दाखवा, आवाजावरून सांगतो कुठं दुखतंय. मग डोळे गेले. पूर्ण नाही, सुईत दोरा ओवण्यापुरते गेले. दुकानाला कुलूप लावलं आणि घरी बसून सगळ्यांच्या चुका काढायला लागलो. भाजी कापायची सुरी अशी धरतात का? दाराच्या बिजागरीला तेल कोण घालणार, शेजारी? तेव्हा आमची सूनबाई, ती कॉम्प्युटरवाली, ती म्हणाली, "बाबा, आमच्यावर ओरडता तेवढा वेळ मशीनवर बोला. मी टिपून घेते."

दोन वर्षं बोललो! तेराशे पानं झाली! माझ्या पोटातलं सगळं, सुईच्या टोकापासून पायाखालच्या चाकाच्या पट्ट्यापर्यंत. आणि ते तिनं आणि तिच्या मित्रमंडळींनी वेबसाइटवर टाकलं. ओपन सोर्स म्हणे. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, "सगळं उघडं. कुणीही वाचा, कुणीही घ्या, कुणीही सुधारा, कुणाचीही मालकी नाही." म्हटलं, छान, बेचाळीस वर्षं गिऱ्हाइकांनी मला हेच केलं. पण तुमच्यापासून काय लपवू, आतून बरं वाटलं. आता उद्या मी गेलो तरी कुठल्याशा गावात कुणाचं तरी मशीन अडलं, तर माझं पान त्याच्यापुढे उघडेल. एवढ्यासाठीच तर घसा कोरडा केला ना!

पण ते पान सापडतंय का?

नाही सापडत! तेराशे पानं एकाखाली एक, जत्रेत हरवल्यासारखी! म्हणून ठरलं की वर एक चौकट हवी, तीत आपली अडचण लिहायची आणि बरोबर पान पुढे यायचं. त्या चौकटीमागे जे शोधतं त्याला सर्च इंजिन म्हणतात. म्हटलं, इंजिन तर इंजिन, बसवा. त्यावर सूनबाई म्हणते, "बाबा, कुठलं बसवायचं ते आधी ठरवायला हवं."

ठरवायला! हा शब्द ऐकला आणि माझं अर्धं आयुष्य कमी झालं.

कारण यांच्यात नियम असा की सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय काही करायचं नाही. दर रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडतात आणि पडद्यावर चौकोनाचौकोनांत डोकी उगवतात. एकमेकांना कधी प्रत्यक्ष भेटलेली नाहीत! त्यांत दोन मुख्य. एक दाढीवाला पोरगा, एक चष्मेवाली पोरगी. नावं सांगितली होती मला, पण लक्षात दाढी आणि चष्माच राहिले. आणि कुणी एकानं जरी म्हटलं ना, "मला एक शंका आहे," की झालं, गाडी परत पहिल्या स्टेशनावर.

पहिलं इंजिन आणलं चष्म्यानं. एका बड्या कंपनीचं, फुकट, दोन मिनिटांत बसतं. मला म्हणाली, "काका, तुम्ही तपासून बघा ना." मी एका बोटानं लिहिलं, शिलाईखाली दोऱ्याचा गुंता होतो. आणि काय आलं? नवीन मशीन विकत घ्या! एक नाही, तीन जाहिराती! अहो, दुरुस्तीच्या वेबसाइटवर! माझ्या दुकानात बसून कुणी माझ्या गिऱ्हाइकाला नवीन मशीन विकलं असतं तर मी त्याला कात्रीसकट बाहेर काढला असता. आणि दाढी तर उसळलाच, "ते लोकांनी काय शोधलं ते टिपून ठेवतात! आणि आपलं सगळं उघडं असताना शोधणारा मात्र कुलूपबंद? तत्त्वात बसत नाही!" चष्मा म्हणते, "तत्त्वाला बॉबिन भरता येते का?" पोरगी मला तिथंच आवडली.

मग दाढीनं स्वतःचं आणलं. पूर्ण उघडं, सगळ्या तत्त्वांत बसणारं, आणि शोधतंय असं की विचारूच नका! पण खादाड! आमची वेबसाइट ज्या मशीनवर राहते, त्या मशीनचं सगळं बळ त्यानंच खाल्लं. सकाळी बसवलं, दुपारी वेबसाइटच आडवी. दाढी शांतपणे म्हणतो, "त्याला वेगळं मोठं मशीन दिलं की पळेल." सूनबाई म्हणाली, "आणि त्याला रोज सांभाळणार कोण?" सगळी डोकी इकडेतिकडे बघायला लागली. एकानं तर चौकोनच बंद केला.

तिसरं हलकं. ते म्हणे वाचणाऱ्याच्याच फोनमध्ये बसून शोधतं. मला बरं वाटलं. मग कळलं, त्यासाठी तेराशे पानांची यादी आधी त्याच्या फोनात उतरवतं! म्हणजे एका सुईसाठी गिऱ्हाइकाच्या दारात अख्खं दुकान रिकामं करायचं. आणि एवढं करून गुंता विचारला तर चारशे बारा पानं! कुठल्याही पानात कुठेही गुंता आला की दिलं पान! मी म्हटलं, पोरांनो, मला एक पान हवंय, वरात नकोय!

"शंका रास्त आहे," दाढी म्हणाला, आणि लिहून घेतली. लिहून घेतात हो, सगळं लिहून घेतात! पण सापडतंय का?

आणि अशात त्या बाईचं पत्र आलं. शिवणकाम करणारी बाई. वेबसाइटवरच लिहिलं होतं तिनं. घरी एकच मशीन, शाळेचे चाळीस गणवेश सोमवारी द्यायचेत, नाही दिले तर काम कारखान्याकडे जाणार, कायमचं. शिलाईखाली दोऱ्याचा गुंता होतोय, तीनदा खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून घातली, काल दुपारपासून तुमची पानं चाळतेय, काही सापडत नाही, कुणी आहे का?

कुणी आहे का! अहो, मी आहे ना! आणि ते पानही आहे! सहाशे अकरावं! मी स्वतः बोललोय!

आणि यांनी काय केलं? रविवारी ते पत्र चर्चेला घेतलं! "या बाईंच्या दृष्टीनं पाहिलं तर हलकं इंजिन चांगलं." "उलट या बाईंच्या दृष्टीनं पाहिलं तर अचूकता महत्त्वाची." "मला या बाईंबाबत एक शंका आहे." तासभर! बाई अशी, बाई तशी! मी आतल्या खोलीतून आलो, पडद्यासमोर उभा राहिलो आणि ओरडलो, "अरे, त्या बाईला उत्तर कुणी दिलं का?"

दाढी चष्म्याकडे बघतो, चष्मा दाढीकडे. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

चष्मा हळूच म्हणाली, "मला वाटलं दाढीनं दिलं असेल." दाढी म्हणाला, "मी... इंजिन ठरल्यावर..." सूनबाईनं पत्राखालचा बाईचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. म्हटलं, "बाई, रडू नका, आधी ती बॉबिन खाली ठेवा, तिचा काही गुन्हा नाही. गुंता खाली दिसतो, पण दोष वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा पूर्ण काढा. आता कापड दाबणारा पाय वर उचला. उचलला? पाय खाली ठेवून ओवलात तर दोरा ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये बसतच नाही, नुसता वरून लोंबतो. ओवा आता. चालवा." आणि फोनमधून मशीनचा आवाज आला... काय सांगू! सरळ, गोड, एकसारखा. बाई म्हणाली, "भाऊ, बसला हो टाका!" आणि ठेवलासुद्धा फोन. ठेवणारच, चाळीस गणवेश होते!

वर बघतो तर चष्म्यानं घड्याळ लावलेलं. "चार मिनिटं," म्हणते. "काकांकडे जाहिरात नाही. काय शोधलं ते टिपून ठेवत नाहीत."

"वेगळं मोठं मशीनही लागत नाही," दाढी म्हणाला. "आणि तत्त्वात बसतात."

कुणाला शंका? कुणालाच नाही! एकमत! आठ महिन्यांत पहिलं एकमत, आणि ते कशावर, तर शोधायच्या चौकटीच्या जागी माझा फोन नंबर टाकायचा! तात्पुरता! मला विचारलं का? मी बोलायच्या आत टाकलासुद्धा. आता सकाळपासून फोन. सुई मोडते, टाका सुटतो, कापड पुढे सरकत नाही. एक जण तर फोनवर नुसता आवाज ऐकवतो आणि विचारतो, ओळखा. आणि मी मेला ओळखतो! सगळ्यांना सापडतंय हो आता! सगळ्यांना सापडतोय मी! फक्त मला माझी दुपारची झोप सापडत नाही.

तरी म्हटलं चालेल, थोडे दिवस. तर गेल्या रविवारी दाढी घसा खाकरून म्हणतो, "मला एक शंका आहे. सगळा भार एकावरच आहे. वय शहात्तर. ते अचानक बंद पडले तर?"

बंद पडले तर! मी तिथंच बसलोय, चहा पितोय! चष्मा म्हणते, "बरोबर आहे, काकांना पर्याय हवा." सूनबाई म्हणते, "पण कुठला पर्याय, ते आधी ठरवायला हवं." आणि लगेच तीन पर्याय निघाले, तीन गट पडले, आणि बैठक पुढच्या रविवारवर गेली.

परवा डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, "आजोबा, आता जरा जपा, किती दिवस काढायचेत अजून?" म्हटलं, डॉक्टर, ते माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. दाढी-चष्म्याचं एकमत व्हायचंय.