खिडकीतलं बांडगूळ

एकाहत्तर सालचा जून. राजूरच्या एसटी स्टँडवर नगरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर बोचकं, दुसरीच्या हातात बाजाराची पिशवी.

"मुक्ताबाई, तू तर नगरला लेकीकडं ऱ्हातीस न्हवं? हिकडं कशी?"

"सांगते की चांगुणा. गेल्या साली हितनं सीतेची वेनी, ती झाडाच्या फांदीवर वाढती ती, नेली हुती, आंब्याच्या फांदीच्या तुकड्यासकट. लेकीच्या खिडकीत टांगली."

"कुंडीत का न्हाई लावली?"

"मातीत कुजती ती. नुसतं पानी शिंपडायचं. पर वरीसभर फूलच न्हाई. येक दिस जावई लेकीला म्हनाला, 'हे बांडगूळ किती दिवस पोसायचं घरात?'"

"अगं बया!"

"मला वाटलं, मलाच म्हनाला. लेकीच्या घरी ऱ्हाते ना मी. बोचकं बांधलं आन निघाले."

"आन मंग?"

"दारात आडवा आला. 'मामी, मी त्या झाडाला म्हणालो!' मी म्हनलं, त्ये बी बांडगूळ न्हाई. फांदीचं कायबी खात न्हाई, नुसतं टेकतंय."

"बरं केलंस. फुललं का मंग?"

"गेल्या आठवड्यात! हातभर गुलाबी वेनी. जावई सगळ्या गल्लीला बोलवून दावतोय."

"मंग आता ह्या बोचक्यात काय?"

"दुसरी वेनी. त्योच म्हनाला, 'मामी, खिडकीची एक बाजू अजून रिकामी आहे.'"